चौकटीतील दृश्यरचना

चित्रपटाच्या चौकटीत दिसणारे नेपथ्य, प्रकाश, रंग, वेशभूषा, वस्तू आणि पात्रांच्या जागा व हालचाली यांच्या अर्थपूर्ण मांडणीस दृश्यरचना म्हणतात. ही संकल्पना फ्रेंच रंगभूमीवरून चित्रपटसमीक्षेत आली आणि तेथे तिला कॅमेऱ्याचे अंतर, उंची व भिंगाची निवड यांची जोड मिळाली.

कोकणातील दशावतारात एकच बाकडे कधी सिंहासन होते, तर कधी डोंगर; उरलेले दृश्य प्रेक्षक संवाद आणि अभिनय यांच्या आधारे मनाने उभे करतो. कॅमेऱ्याला ही सवलत क्वचितच मिळते. चौकटीत आलेले सारे तो दाखवतोच, त्यामुळे भिंतीवरचे जुने कॅलेंडरही काळाविषयी आणि घरच्या परिस्थितीविषयी बोलू लागते.

जांभ्याच्या चिऱ्यांच्या कौलारू घरात माजघर बहुधा काळोखे असते आणि छपरात एखादे काचेचे कौल बसवलेले असते. त्यातून उतरणारा उन्हाचा कवडसा दिवसभर जमिनीवर सरकत राहतो. पात्र त्यात बसवले की प्रेक्षकाची नजर आपोआप तेथे जाते, आणि त्याच्या कडेला अंधारात ठेवले की ते घरात असूनही बाजूला पडल्यासारखे वाटते. माजघरातून ओटीकडे कॅमेरा रोखला तर दार हीच दुसरी चौकट बनते. बाहेरच्या उन्हाला धरून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येऊ द्यायच्या प्रकाशाचे प्रमाण) ठेवल्यास उंबऱ्यातील व्यक्ती काळी आकृती होते, तर तिच्या चेहऱ्याला धरून ठेवल्यास अंगण पांढरेफटक पडते. यांतले काय पत्करायचे हे शेवटी कथाच ठरवते.

चौकटीचा आकारही अर्थ बदलतो. रुंदी आणि उंची यांच्या 1.37:1 या प्रमाणात माडांची उंची ठसते, तर 2.39:1 मध्ये क्षितिज पसरते आणि किनाऱ्यावरचा माणूस एकाकी भासतो. मात्र माड आणि समुद्र यांना स्वतःचा ठरलेला अर्थ नाही. पात्राशी नाते न जोडता ते दाखवले की सहलीची जाहिरात तेवढी उरते, आणि कोकणात चित्रित झालेल्या बऱ्याच चित्रपटांचे तेच झाले आहे. 2014 च्या बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळवणारा ‘किल्ला’ याला ठळक अपवाद आहे. दिग्दर्शन आणि छायालेखन दोन्ही अविनाश अरुण यांचे असलेल्या या चित्रपटात, वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाचे एकटेपण पावसाळी आभाळ आणि तटबंदी यांच्यामधून व्यक्त होते.

किनाऱ्यावर चित्रीकरण करताना पार्श्वभूमीची सलगता राखणे कठीण असते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकत असल्याने, एकच प्रसंग दोन दिवसांत चित्रित करायचा झाल्यास पात्रांमागची पाण्याची रेषा जुळावी म्हणून वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखावे लागते.