पांढरी वाइन : लहान बागेतील तोडणी व निर्मिती

द्राक्षे पिळून निघालेला रस सालींपासून लगेच वेगळा करून आंबवला की पांढरी वाइन होते. तांबडी वाइन सालींसह आंबते, रंग व तुरटपणा तिथूनच घेते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असल्याने पिनो न्वारसारख्या जातीपासूनही पांढरी वाइन निघते. तरी शार्दोने, सोव्हिन्यों ब्लां, रीसलिंग आणि शेनिन ब्लां या जाती अधिक परिचित आहेत. साल बाजूला गेल्यामुळे दोष झाकायला फारसे काही उरत नाही. त्यामुळे लहान बागेत सगळ्यात मोठा निर्णय यंत्रांचा नसून तोडणीच्या दिवसाचा असतो.

द्राक्ष पिकते तशी साखर वाढते आणि आम्ल उतरते. त्यातले मॅलिक आम्ल उष्ण हवेत झपाट्याने घटते, टार्टरिक आम्ल बरेचसे टिकते. वेगवेगळ्या ओळींतून, उन्हातले आणि सावलीतले असे दोन्ही मणी घेऊन त्यांचा रस रिफ्रॅक्टोमीटरने (साखर मोजण्याच्या उपकरणाने) तपासतात. पांढऱ्या वाइनसाठी साधारण 19 ते 23 ब्रिक्स (रसातील साखरेचे शेकडा प्रमाण) गोडी आणि 3.0 ते 3.4 सामू (pH, आंबटपणाचे माप) चांगला मानतात. मात्र आकडे जुळले म्हणून कात्री चालवणे घाईचे ठरते. मणी चावून चव घ्यावी, बी तपकिरी झाली का पाहावे. जातीचा सुगंध आला नसेल तर थांबावे. पाऊस तोंडावर असेल तर मात्र थांबण्यात शहाणपण नाही.

तोडणी शक्यतो पहाटे करतात. थंड घडांतील रस हवेने सावकाश तपकिरी पडतो आणि नको तेव्हा आंबू लागत नाही. खालचे मणी चेंगरू नयेत म्हणून क्रेट उथळ असतात. बुरशी लागलेले घड तिथेच बाजूला काढतात.

काहीजण देठ काढून मणी फोडतात, काहीजण अख्खे घड प्रेसमध्ये घालतात. अख्ख्या घडांत देठांमुळे रसाला वाट मिळते आणि हलक्या दाबाने स्वच्छ रस येतो. दाब वाढवत गेल्यावर निघणारा शेवटचा रस कडवट आणि कमी आंबट असतो. तो वेगळा ठेवलेला बरा. एक टन द्राक्षांतून 600 ते 700 लिटर रस मिळतो. त्यात थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळून 12 ते 24 तास थंड ठेवला की साका तळाशी बसतो. रस फार नितळ केला तर यीस्टला पोषण कमी पडते आणि आंबणे रेंगाळते.

निवळलेल्या रसात यीस्ट घालतात. दर लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखर खर्ची पडली की मद्यार्काचे प्रमाण 1 टक्क्याने वाढते. तापमान 12 ते 18 अंश सेल्सिअस राखल्यास सुगंध टिकतो आणि काम साधारण दोन-तीन आठवडे चालते. या काळात बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत आणि टाकीत साचतो. वायुवीजन नसताना टाकीत उतरणे जीवावर बेतू शकते.

आंबणे संपले की वाइन गाळावरून काढतात किंवा मुद्दाम काही महिने मृत यीस्टवर ठेवतात. त्याने तिला भरीवपणा येतो. बॅक्टेरियांकरवी मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर शार्दोनेत अनेकदा होऊ देतात, रीसलिंगमध्ये सहसा टाळतात. लहान उत्पादकाची खरी अडचण अर्धवट भरलेली टाकी. वरच्या पोकळीतली हवा वाइन बिघडवते, म्हणून उरलेली वाइन लहान भांड्यांत काठोकाठ भरतात किंवा वर नायट्रोजन सोडतात.

बेंटोनाइट माती घालून प्रथिने काढतात, नाहीतर उष्णतेत वाइन गढूळ होते. गोठणबिंदूच्या आसपास काही दिवस ठेवल्यावर टार्टरिक आम्लाच्या क्षारांचे खडे तळाशी बसतात. ते बाटलीत उतरले तरी निरुपद्रवी असतात. साखर शिल्लक असलेली वाइन मात्र 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढूनच भरतात, कारण उरलेले यीस्ट बाटलीत पुन्हा आंबण सुरू करून बूच उडवू शकते.