क्रियापद एकटं पाठ करू नका

दुखणं कमी करता येतं, धोका कमी करता येतो, खर्चही कमी करता येतो. मराठीत एका ‘कमी करणे’वर भागतं. प्रगत इंग्रजीत मात्र वेदना, ताण किंवा दारिद्र्य असेल तर ‘अलीव्हिएट’, धोका किंवा दुष्परिणाम असेल तर ‘मिटिगेट’ आणि खर्चाला, अधिकारांना किंवा ठरलेल्या दौऱ्याला कात्री लावायची असेल तर ‘कर्टेल’. अर्थ तोंडपाठ असूनही वाक्य चुकतं ते इथेच. ‘कर्टेल द पेन’ व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते, असं भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं. क्रियापदांना ते फारच लागू पडतं.

व्युत्पत्ती पाहिली की ही संगत पटते. लॅटिनमध्ये ‘लेव्हिस’ म्हणजे हलका, म्हणून अलीव्हिएट केलं की दुःखाचा भार हलका होतो. ‘मिटिस’ म्हणजे मऊ, सौम्य; मिटिगेट केल्यावर धोका उरतो, पण त्याची धार जाते. कर्टेलची गंमत वेगळीच. शेपूट छाटलेल्या घोड्याला पूर्वी इंग्रजीत ‘कर्टल’ म्हणत, हे क्रियापद त्यावरून आलं.

दुसरा सापळा करणे-होणेचा. अलीव्हिएट, मिटिगेट, एक्झॅसर्बेट (आणखी बिघडवणे) ही ‘करणे’वाली क्रियापदं आहेत, त्यांना कर्म लागतंच. ‘द पेन अलीव्हिएटेड’ हे चूक. ‘डिटिरिओरेट’ (खालावणे) व्यवहारात ‘होणे’वालं: तब्येत डिटिरिओरेट होते, तिला कुणी डिटिरिओरेट करत नाही. ‘डिमिनिश’ (घटणे, घटवणे) दोन्हीकडे चालतं. मराठीत हा फरक आपण न चुकता पाळतो. तोच पाठांतराच्या कार्डावर (फ्लॅशकार्डवर) उतरवायचा.

कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहा: ‘या औषधाने वेदना कमी केल्या.’ मागे पूर्ण इंग्रजी वाक्य, क्रियापदाखाली रेघ, कोपऱ्यात ‘करणे’ किंवा ‘होणे’ आणि सोबत येणारी दोन-तीन नामं. शब्दयोगी अव्यय (प्रिपोझिशन) लागत असेल तर तेही. मराठीतला ‘विषयी’ डोक्यात असतो म्हणून ‘डिस्कस अबाउट’ होतं. तिथे ‘अबाउट’ नकोच.

रोज तीन-चार नवी कार्डं पुरेत, पण जवळच्या अर्थाची एकाच दिवशी घेऊ नका. ती एकमेकांत गुंततात आणि ऐन वेळी भलतंच तोंडात येतं. (वर तिन्ही एकत्र दिली ती फरक दाखवायला, पाठ करायला नव्हे.)

उजळणीला लेखक सेबास्टियन लाइटनर यांची १९७२ची कप्प्यांची पद्धत सोपी पडते. पाच कप्पे करा. पहिला रोज पाहायचा, पुढचे चार अनुक्रमे तीन, सात, पंधरा आणि तीस दिवसांनी. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. मागची बाजू बघण्याआधी वाक्य मोठ्याने म्हणायचंच. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि तो भास असतो. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा-पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले.

शेवटच्या कप्प्यातून कार्ड बाहेर काढण्याआधी त्या क्रियापदाचं एक स्वतःचं वाक्य लिहा. तिथे साधं ‘रिड्यूस’ तितकंच चपखल बसत असेल, तर तेच ठेवा.