सुई कधीपासून तापू लागली?

तुटलेल्या दोऱ्याचं टोक बोटावर घेऊन पाहिलं की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातला जुना मेकॅनिक दुखणं ओळखतो. टोक पिंजल्यासारखं सुटं झालं असेल तर ताण जास्त आहे, किंवा सुईच्या नेढ्याला कुठेतरी कंगोरा आलाय. टोकाला बारीक, कडक गोळी लागत असेल तर दोरा तुटलेला नाही, वितळलेला आहे. मग टेन्शनची चकती फिरवून काही साधत नाही. सुई काढायची, खोबणीवरून नख फिरवायचं. आत काचेसारखा टणक थर लागला की निदान पक्कं.

ही गोळी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या शिंप्यांनी पाहिली नसणार. मशीन त्यांच्याकडेही होतं, सुईही जवळपास आजच्याच घडणीची होती. सुई तापते आणि दोरा जातो, ही तक्रार मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिचा इथल्या भागातला इतिहास पाहायचा तर ठाण्यापासून भिवंडी आणि बेलापूरच्या बाजूला फार लांब जावं लागत नाही.

सुरुवात अर्थात दूरची आहे. फ्रान्समध्ये बार्थेलेमी तिमोनिए या शिंप्याने १८३० मध्ये शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं. अमेरिकेत एलियास हाव याला १८४६ मध्ये पेटंट मिळालं. नेढं टोकाजवळ असलेली सुई आणि खालून धावणारं शटल यांनी मिळून घातलेला दुहेरी टाका, ही त्यातली मुख्य गोष्ट. हावने आपलं यंत्र लोकांसमोर चालवून दाखवलं तेव्हा त्याचा वेग मिनिटाला सुमारे २५० टाके होता, आणि पाच शिवणकाम करणाऱ्या बायकांना त्याने मागे टाकलं असं सांगतात. सिंगरचं पेटंट १८५१ चं. त्याच सुमारास जर्मनीत सुयांचे कारखाने उभे राहिले: हेर्त्सोगेनराथचा श्मेत्स १८५१ मध्ये, एबिंगनचा ग्रोत्स १८५२ मध्ये. ग्रोत्स-बेकर्ट आणि श्मेत्स ही नावं आजही गाळ्यांतल्या सुयांच्या पाकिटांवर असतात.

२५० टाक्यांना सुई तापते का? तापते, पण ती दोन टाक्यांच्या मध्ये गारही होते. पायाने चालवायच्या मशीनवर हजाराच्या आसपास वेग गेला तरी कापड सुती, दोरा सुती. कापूस वितळत नाही. फार तापला तर पिवळा पडतो, करपतो, पण सुईला चिकटत नाही आणि नेढं बुजवत नाही. लोकरीचंही तसंच. ठाण्यात रेमंडची लोकरीची गिरणी १९२५ पासून होती. तिथलं सुटाचं कापड शिवताना शिंप्याला सुईच्या तापमानाची काळजी करायचं कारण नव्हतं. जाड शिवणीवर साबणाची वडी किंवा मेण घासायचं, ते सुई सरकावी म्हणून. घर्षण कमी करण्याचा तोच उपाय पुढे कारखान्यांनी वेगळ्या रूपात उचलला.

बदललं काय, तर दोन गोष्टी, आणि दोन्ही जवळपास एकाच काळात.

पहिली गोष्ट वेग. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यातल्या मशिनींना आपोआप तेल फिरवणारी यंत्रणा आली, हलते भाग हलके झाले, आणि साध्या लॉकस्टिच, म्हणजे दुहेरी टाक्याच्या, मशीनचा वेग मिनिटाला ५,००० टाक्यांच्या पुढे गेला. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘ज्युकी’ म्हणतात, मग कंपनी कुठलीही असो, ते मशीन याच घराण्यातलं. ५,००० टाके म्हणजे सेकंदाला ८३. सुईचा एक फेरा साधारण ३ सेंटिमीटर खाली आणि तेवढाच वर धरला, तर ती सेकंदाला सरासरी ५ मीटर धावते. मधल्या टप्प्यात, म्हणजे कापडात घुसतानाच्या आसपास, वेग याहून बराच जास्त असतो. दर फेऱ्याला ती कापड फाकवत आत जाते आणि त्याच भोकातून घासत बाहेर येते. या घासण्यातली शक्ती उष्णता होऊन सुईतच उतरते. बाहेर पडायला तिला वाट अरुंद: ०.९ मिलिमीटर जाडीच्या पोलादी काडीतून वर सुईदांड्यापर्यंत, थोडी आसपासच्या हवेत, थोडी दोऱ्यातून. आणि नेढ्यापाशी, जिथे दोरा टेकतो, तिथे सुई सगळ्यात बारीक.

दुसरी गोष्ट प्लास्टिकचा धागा. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत तयार झालं, पॉलिएस्टरचा शोध १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला. भारतात पॉलिएस्टरचा तुटक धागा पहिल्यांदा बनला तो १९६५ मध्ये, ठाण्यात. केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया या, ब्रिटिश रसायन उद्योग आयसीआयच्या, कंपनीने तो ‘टेरीन’ या नावाने बाजारात आणला. तीनच वर्षं आधी, १९६२ मध्ये, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं होतं, आणि वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक. ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल, हर्डिलिया, पॉलिओलेफिन्स असे पेट्रोरसायनांचे कारखाने याच दशकात आले. नवी मुंबईचं नियोजन करणारी सिडको त्यानंतरची, १९७० ची. म्हणजे शहर वसण्याआधी इथे प्लास्टिक आलं.

टेरिलीन, टेरिकॉट, टेरीवूल या कापडांनी पुढच्या वीस वर्षांत काय केलं ते त्या काळात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. इस्त्री नको, लवकर वाळतं, फाटता फाटत नाही. लग्नाच्या सुटापासून एसटी कंडक्टरच्या गणवेशापर्यंत ते पोहोचलं. भिवंडीच्या यंत्रमागांवर सुताच्या जोडीने सिंथेटिक धागा चढला. घरगुती शिंप्याला त्याचा फारसा त्रास झाला नाही, कारण पायाचं मशीन तेवढं पळतच नाही. त्रास झाला तयार कपड्यांच्या कारखान्यांना.

पॉलिएस्टर आणि नायलॉन ६६ साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतात, नायलॉन ६ त्याहून आधी, २२० च्या आसपास. मऊ तर ते त्याआधीच पडतात. आणि वेगात चालणाऱ्या सुईचं तापमान जाड कापडावर २०० ते ३०० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातं. त्यासाठी तासभर शिवावं लागत नाही. काही सेकंदांची सलग शिलाई पुरते.

हे आकडे काढणं सोपं नव्हतं. एवढ्या बारीक आणि एवढ्या वेगाने हलणाऱ्या वस्तूला थर्मामीटर लावणार कुठे? मशीन थांबवून मोजायचं तर तेवढ्यात सुई निवते. १९६० च्या दशकात अवरक्त किरण टिपणारी उपकरणं वापरून मापं घेतली गेली. अमेरिकेतल्या हर्श आणि ग्रेडी यांचा वेगवान शिलाईतल्या सुईच्या तापण्यावरचा अभ्यास १९६९ चा आहे. त्यातही एक खोच आहे. सुईवर क्रोमियमचा चकचकीत मुलामा असतो, आणि चकचकीत धातू आपली उष्णता किरणांतून फार कमी दाखवतो, त्यामुळे असं उपकरण वाजवीपेक्षा कमी तापमान सांगू शकतं. अलीकडे चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्सच्या संशोधकांनी सुईच्या खोबणीतच केसासारखी बारीक थर्मोकपल तार बसवून मापं घेतली.

या सगळ्यातली कामाची गोष्ट कारागिराला आधीपासून ठाऊक होती: दोरा शिवताना कमी तुटतो, थांबल्यावर जास्त. कॉलरच्या कोपऱ्यावर, खिशाच्या टोकाशी, पट्टी संपली की. मशीन पळत असतं तेव्हा नेढ्यातून सतत नवा दोरा सरकतो आणि जाताजाता सुईची थोडी उष्णता घेऊन जातो. कुठलाच तुकडा नेढ्यात रेंगाळत नाही. पाय उचलला की दोऱ्याचा एकच तुकडा तापलेल्या नेढ्यात अडकून बसतो, आणि तिथेच वितळतो. पुढची शिवण सुरू केली की पहिल्या टाक्याला दोरा हातात. सुपरवायझरला वाटतं, याने दोरा नीट ओवला नाही.

वितळलेलं प्लास्टिक खोबणीत साचलं की पुढचं दुष्टचक्र सुरू होतं. सुईची ही लांब खोबण दोऱ्याला कापडात शिरताना आडोसा मिळावा म्हणून असते. ती बुजली की दोरा बाहेर येऊन कापडाला घासतो, शटलच्या टोकाला फास नीट मिळत नाही, टाके सुटतात. घर्षण वाढतं, सुई आणखी तापते. कापडावर भोकांच्या कडा कडक होतात, आणि धुलाईनंतर शिवण तिथूनच उसवते.

उपाय चार दिशांनी आले. सुईवाल्यांनी आधी घडण बदलली: नेढ्यापाशी सुई किंचित फुगीर आणि वरची काडी त्याहून बारीक, म्हणजे भोक मोठं पडतं आणि उरलेली काडी न घासता आत-बाहेर होते. हा मला यातला सगळ्यात हुशार उपाय वाटतो. त्याला ना वीज लागते ना तेल. मग मुलामे आले. श्मेत्सच्या ‘ब्लूकोल्ड’ सुईवर टेफ्लॉनचा थर असतो. तो सुई गार ठेवतो असं विक्रेते सांगतात. खरं तर वितळलेलं प्लास्टिक तिला चिकटू देत नाही, हे त्याचं मुख्य काम. टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी मुलामा झीज थांबवतो. तापण्यावर तो रामबाण समजून महागाची पाकिटं घेणारे कमी नाहीत.

दोरेवाल्यांनी वेगळी वाट काढली. मजबुतीसाठी आत पॉलिएस्टरचा गाभा आणि त्याभोवती कापसाचं वेष्टण. सुईची आच आधी कापसाला लागते, आणि कापूस वितळत नाही. शिवाय दोऱ्यावर सिलिकॉनचं वंगण. काही मशीनवर सिलिकॉन तेलाची छोटी कुपी बसवतात, दोरा त्यातून जातो. पांढऱ्या शर्टावर तिचा डाग पडला की मात्र ती कुपी दुसऱ्या दिवशी निघालेली असते. कापड रंगवणाऱ्यांनी शेवटच्या धुलाईत मऊ करणारं रसायन घातलं तर सुई सहज सरकते. हा उपाय सर्वांत परिणामकारकांपैकी एक, पण तो शिवणाऱ्याच्या हातात नसतो. कापड कडक आलं तर गाळामालक फार तर फोनवर भांडू शकतो.

राहिली हवा. सुईवर बारीक नळीतून दाबाची हवा सोडायची. काही ठिकाणी त्यासाठी भोवऱ्याची नळी वापरतात. रांक या फ्रेंच माणसाने १९३० च्या दशकात शोधलेली ही नळी एका टोकाने गार आणि दुसऱ्याने गरम हवा देते, आत एकही हलता भाग नसतो. गाडीच्या सीट, एअरबॅग शिवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना ती परवडते. ३०० चौरस फुटांच्या गाळ्यात कॉम्प्रेसरचा आवाज आणि विजेचं बिल दोन्ही सहन करायचं म्हटलं तर हिशेब बसत नाही.

उल्हासनगरच्या जीन्सवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. डेनिम सुती, ते वितळत नाही. पण मांडीच्या आतली शिवण जिथे दुसरीला छेदते तिथे कापडाचे इतके पदर एकावर एक येतात की सुई तेवढ्यातच भडकते आणि दोऱ्यातलं पॉलिएस्टर जातं. जाड सुई घालावी तर ती मोडत नाही, पण जास्त घासते. १६ नंबर की १८, यावर प्रत्येक कारागिराचं आपलं मत असतं. वाशीच्या एपीएमसीत गोण्या शिवणारी हातातली मशिनं त्याहून सोप्या कामाची, वेग कमी. तरी गोणी तागाऐवजी पॉलिप्रॉपिलीनची झाली तेव्हा मर्यादा खाली आलीच, कारण ते १६५ अंशांच्या आसपासच वितळतं.

सगळ्यात स्वस्त उपाय कुणालाही सुचेल असा आहे: हळू चालवा. जुन्या क्लच मोटरवर त्यासाठी लहान पुली बसवायची. आता सर्व्हो मोटर आल्या, त्यांवर कमाल वेग बटणाने बांधून देता येतो. ५,००० वरून ३,५०० वर आणला तर उत्पादन तीस टक्क्यांनी पडेल अशी मालकांची भीती असते, ती चुकीची आहे. शर्टाच्या कामात सुई प्रत्यक्ष चालते तो वेळ एकूण वेळेचा छोटा भाग. बाकीचा जातो तुकडा उचलण्यात, जुळवण्यात, वळवण्यात, दोरा कापण्यात. दोन वेळा दोरा ओवायला लागला की वेगाने वाचवलेले सेकंद तिथेच संपतात. पण मजुरी पीसवर असते, आणि पीसवर काम करणाऱ्याला पायाखाली वेग हवा असतो. मे महिन्यात शाळांच्या गणवेशाची पॉलिएस्टर-व्हिस्कोस थानं येऊन पडतात आणि जूनच्या आत माल द्यायचा असतो. मेकॅनिकने बांधून दिलेला आकडा त्या दिवसांत कारागीर स्वतःच बटण दाबून वर नेतात. कोणतं बटण, ते गाळ्यात सगळ्यांना माहीत असतं.