कट्टे तेच, ऑर्डरी दोन : क्रिप्टो बाजारातली जोड-ऑर्डर रद्द करण्यामागचा इतिहास

लातूरच्या आडतीवर सोयाबीन ठेवून गावाकडे निघालेला शेतकरी जाता जाता सांगतो, "शेठ, पाच हजाराच्या वर गेलं की विकून टाका, अन् साडेचारच्या खाली घसरायलं तर मग थांबू नका." सूचना दोन, कट्टे मात्र तेच. भाव चढला, माल गेला, पट्टी झाली की दुसरी सूचना तिथंच संपते. ती रद्द करा असं सांगायला कुणी परत येत नाही, कारण विकायला कट्टेच उरलेले नसतात.

संगणकाला हे आपोआप कळत नाही. त्याच्या वहीत दोन सूचना म्हणजे दोन वेगळ्या नोंदी. एक पुरी झाली तरी दुसरी तशीच उभी राहते. जोड-ऑर्डर (एकाच मालावरच्या अशा दोन सूचनांची जोडी) आणि ती रद्द करणारं एपीआय साधन या दोन्हींची मुळं या एका अडचणीत आहेत. एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली वाट. आज नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगरची इंजिनिअरिंगची मुलं पायथन या संगणक-भाषेत स्वतःचे बॉट, म्हणजे आपोआप सौदे करणारे प्रोग्रॅम, लिहितात. ऑर्डर टाकायचा भाग त्यांना पहिल्याच दिवशी जमतो, रद्द करायचा भाग फारसं कुणी वाचत नाही. पैसा घरचा असतो, म्हणून मला याची काळजी वाटते.

'वन कॅन्सल्स द अदर', म्हणजे ओसीओ, ही कल्पना क्रिप्टोपेक्षा बरीच जुनी. ओरडून सौदे व्हायचे त्या काळच्या वायदेबाजारात दोन्ही भाव दलालाजवळच्या चिठ्ठीवर असत, आणि एक लागला की दुसरा खोडणं ही त्याची जबाबदारी. पुढे चिठ्ठीची जागा यंत्रांमधल्या संदेशांनी घेतली. १९९२ मध्ये फिडेलिटी आणि सॉलोमन ब्रदर्स यांच्यातल्या व्यवहारांसाठी फिक्स नावाची संदेशपद्धत आकाराला आली. आपल्याकडे १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजार पडद्यावर सुरू झाला. तेव्हापासून 'रद्द करा' हाही एक स्वतंत्र संदेश झाला, आणि जो संदेश जातो तो उशिराही पोचू शकतो.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, म्हणजे त्याच्या नोंदवहीचं पहिलं पान, ३ जानेवारी २००९ चा. त्याभोवती उभे राहिलेले बाजार कधी बंदच होत नाहीत. लातूरचा सौदा ठरलेल्या वेळी निघतो, शेअर बाजार साडेतीनला थांबतो; इथे मात्र पहाटे तीन वाजताही भाव कोसळू शकतो. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त घसरला. झोपलेल्या माणसाचं रक्षण करायला दोन्ही बाजूंच्या सूचना बाजारातच ठेवलेल्या असाव्या लागतात.

पण बऱ्याच रोखीच्या बाजारांत (जिथे नाणं लगेच हातोहात विकलं जातं) त्या ठेवता येत नव्हत्या. एक नाणं वरच्या भावाला विकायला लावलं की ते अडकतं. खालच्या भावाला विकण्याची दुसरी ऑर्डर टाकायला गेलं तर 'शिल्लक नाही' असं उत्तर येतं. म्हणून बॉट लिहिणारे वरची ऑर्डर बाजारात ठेवत आणि खालची स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये. भाव घसरला की प्रोग्रॅमने आधी वरची रद्द करायची, नाणं सुटेपर्यंत थांबायचं आणि मग विकायचं. तेवढ्यात भाव आणखी खाली गेलेला असे. आपल्याकडे तर भारनियमन. लाइट गेली, राउटर बंद पडला, की खालची सूचना अस्तित्वातच नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये बायनान्स या क्रिप्टो बाजाराने आपल्या एपीआयमध्ये ओसीओ आणली. नाणं एकदाच अडकतं आणि दोन्ही ऑर्डरी त्याच्यावरच उभ्या राहतात, अगदी कट्ट्यांसारख्या. एक लागली की दुसरी बाजाराचं इंजिन स्वतः काढतं. दोन्हींना मिळून एक यादी क्रमांक मिळतो. 'डिलीट' विनंतीत नाण्यांची जोडी आणि तो क्रमांक दिला की दोन्ही एकदम रद्द होतात. जोडीतली फक्त एक ऑर्डर रद्द केली तरी दुसरी उरत नाही, अख्खी जोडी जाते. वरची ठेवून खालची बदलावी असं वाटणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं. २०२४ मध्ये यात आणखी भर पडली : आधी खरेदी, ती पुरी झाली की मगच विक्रीची जोडी लागते.

भारतात चुकून झालेला व्यवहार जास्त महाग पडतो, त्यामागेही इतिहास आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या धंद्यापासून दूर राहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला ते परिपत्रक रद्द केलं. मग १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करायची सोय ठेवली नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस, म्हणजे व्यवहारातच कापला जाणारा कर. रद्द झालेल्या ऑर्डरीवर यातलं काही लागत नाही, पण रद्द व्हायच्या आधी पुऱ्या झालेल्या ऑर्डरीवर सगळं लागतं.

ऑर्डर पुरी होऊन गेली का, हे ओळखणंच सगळ्यात अवघड. रद्द करायची विनंती पाठवली आणि बायनान्सकडून उणे २०११ क्रमांकाचा एरर (रद्द करायची विनंती नाकारली) आला, तर ऑर्डर आधीच पुरी झालेली असू शकते. उत्तरच आलं नाही तर ती रद्द झाली असंही धरता येत नाही आणि नाही झाली असंही नाही. दोन्ही वेळा त्याच यादी क्रमांकाने पुन्हा स्थिती विचारायची, आणि उत्तर येईपर्यंत नवी ऑर्डर टाकायची नाही. लॅपटॉपचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर विनंती दारातूनच परत येते, कारण विनंती किती वेळ ताजी मानायची ती मुदत आपण दिली नसेल तर ती ५००० मिलिसेकंदांची धरली जाते. एपीआय कीला (आपल्या खात्यात प्रोग्रॅमला शिरू देणाऱ्या चावीला) पैसे काढायची परवानगी देऊ नये. नुसती ऑर्डर टाकायला आणि रद्द करायला त्या परवानगीची गरजच नसते. हे सगळं खोट्या शिलकीवर चालणाऱ्या टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या बाजारात, करून बघता येतं : जोडी टाकायची, मधेच वाय-फाय तोडायचं आणि परत जोडल्यावर आपला प्रोग्रॅम पहिलं काय विचारतो ते पाहायचं.