रॅगिंग की दिव्यांगाचा अपमान? अर्जात काय लिहायचं

नाशिकच्या कॉलेज रोडवर काय, गंगापूर रोडवर काय, लंगडत चालणाऱ्या मुलाच्या मागे चारजण तशीच चाल करत निघाले की कॅन्टीनभर हशा पिकतो. तक्रार केली तर अनेकदा ऐकायला मिळतं, "ती तुझ्याच वर्गातली पोरं, सीनियर थोडीच आहेत? हे रॅगिंग कसलं?"

हे साफ चूक आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात सीनियर-ज्युनियर अशी अटच नाही. विद्यार्थ्याला शारीरिक-मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग, आणि चिडवणं, खोड्या काढणं हेही त्यात आलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. खरं बळ मात्र प्राचार्यांवर टाकलेल्या जबाबदारीत आहे. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली, तर गुन्ह्याला त्यांचीच साथ होती असं कायदा मानतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचं कलम ९२ वेगळं, ते दिव्यांगाचा अपमान हा गुन्हा ठरवतं. इथे त्रास देणारा विद्यार्थीच हवा असं नाही. शिक्षक, शिपाई, सीबीएस बस स्थानकावरचा अनोळखी माणूस, कोणीही चालतो. शिक्षाही कडक, किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं. "लेखनिकाच्या जिवावर पास होतोस" असं भर वर्गात पाणउतारा करण्यासाठी सुनावणं यात येऊ शकतं. पण अपमान चारचौघांदेखत आणि हेतुपुरस्सर झालेला हवा. होस्टेलच्या बंद खोलीतला अपमान इथे बसवणं अवघड, तिथे रॅगिंगचाच कायदा कामाला येतो.

याच कलमातली आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. दिव्यांग व्यक्तीच्या साहाय्यक साधनाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं हाही गुन्हा आहे. कुबडी बाकाखाली लपवली, पांढरी काठी जिन्याखाली टाकली, श्रवणयंत्र काढून एकमेकांकडे फेकलं, की "गंमत केली, सर" म्हणून सुटका होता कामा नये. श्रवणयंत्र कानात नसलेल्या मुलीला पुढचं अख्खं लेक्चर ऐकूच येत नाही. शिवाय या तरतुदीला चारचौघांची अट नाही.

म्हणून प्राचार्यांच्या नावे एकाच अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा. "मला त्रास देतात" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या तारखेला, कोणत्या लेक्चरनंतर, कुठे, कोण काय बोललं ते त्याच शब्दांत, कुबडी किती वेळ दिली नाही, पाहणारे कोण होते, सगळं लिहा. यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्याच. सात दिवस मोजायचे तर हातात तारीख हवी. कॉलेज हललं नाही तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२. कलम ९२ साठी थेट पोलीस ठाणं गाठता येतं. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते.