स्क्रूशिवाय धरणारी पट्टी: जाड अ‍ॅक्रिलिक टेप कशी बनते

पुण्यात सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीच्या डिकीवरची अक्षरं नीट बघा. एकेक अक्षर सुटं असतं. स्क्रू दिसत नाही, रिव्हेट दिसत नाही. दाराच्या बाजूला असलेली प्लास्टिकची लांब पट्टीही तशीच. उन्हाळ्यात पत्र्याला हात लावता येत नाही, जुलैत दिवसच्या दिवस पाऊस झोडपतो, गाडी धुताना जोरदार फवारा बसतो, तरी ती अक्षरं जागची हलत नाहीत. त्यांच्या मागे साधारण एक मिलिमीटर जाडीची, करड्या किंवा काळ्या रंगाची मऊ टेप असते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी ही अ‍ॅक्रिलिक फोम टेप थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणली. आज चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगात ती नटबोल्टइतकीच ओळखीची आहे.

पक्की टेप म्हणजे जास्त चिकट टेप, असं बहुतेकांना वाटतं. बोटाला सर्वांत जास्त चिकटते ती टेप वजन टांगल्यावर बहुधा हळूहळू घसरत खाली येते. टेपकडून दोन उलट अपेक्षा असतात. गुळगुळीत दिसणाऱ्या पत्र्यावरही सूक्ष्म चढउतार असतात. त्या खळग्यांत शिरायचं तर टेपने द्रवासारखं वाहायला हवं. एकदा शिरल्यावर मात्र तिने घनपदार्थासारखं घट्ट राहायला हवं. थ्रीएममधले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी यातल्या पहिल्या अपेक्षेला आकडा दिला. पदार्थाचा ताठपणा सुमारे ३ लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो नुसत्या दाबाने पृष्ठभागाला भिडतो. रबरबँडचं रबरही याहून ताठ असतं. टेप बनवण्यातलं सगळं कौशल्य या मऊपणात ताकद कशी राखायची, यात आहे.

त्याची सुरुवात कच्च्या मालापासून होते. मुख्य द्रव असतो टू-एथिलहेक्झिल अ‍ॅक्रिलेट किंवा त्याचाच एखादा भाऊबंद, शंभरात ९० ते ९५ भाग. त्याचे रेणू एकमेकांना जोडून ज्या लांब साखळ्या, म्हणजे पॉलिमर, बनतात, त्या शून्याखाली ५० अंशांपर्यंत मऊ राहतात. उरलेले ५ ते १० भाग अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड. नुसत्या त्याचा पॉलिमर केला तर काचेसारखा कडक होतो, पण इथे ते साखळ्यांना एकमेकींशी आणि धातूशी धरून ठेवतं. अ‍ॅसिड वाढवलं की टेप ताठ होते आणि थंडीत चिकटेनाशी होते. कमी केलं की उन्हात घसरते.

पातळ टेपसाठी हे पॉलिमर एथिल अ‍ॅसिटेटसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून फिल्मवर पसरतात आणि लांबलचक ओव्हनमधून नेऊन वाळवतात. ओव्हनचा पहिला कप्पा मुद्दाम कमी गरम ठेवलेला असतो. एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशांना उकळतं. सुरुवातीलाच जास्त उष्णता दिली तर दुधावर साय धरावी तशी वर कातडी धरते, आत अडकलेलं सॉल्व्हंट उकळतं आणि थरभर फोड येतात. पन्नास मायक्रॉनपर्यंत हे सांभाळता येतं. एक मिलिमीटर म्हणजे त्याच्या वीसपट जाडी, तिच्या तळातून सॉल्व्हंट बाहेर काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून जाड टेपला दुसरा रस्ता काढावा लागला. सॉल्व्हंट घालायचंच नाही, द्रव थेट फिल्मवर ओतायचा आणि तिथेच प्रकाशाने त्याचा पॉलिमर करायचा.

नुसता द्रव पाण्यासारखा पातळ असतो, ओतला की पळतो. म्हणून आधी टाकीत नायट्रोजन सोडून, थोडा प्रकाश देऊन त्यातला लहानसा हिस्सा पॉलिमर करून घेतात. द्रव काकवीसारखा दाट झाला की दिवे बंद करतात आणि हवा आत घेतात. हवेतला ऑक्सिजन ही क्रिया थांबवतो. मग त्यात पडतात प्रकाश पडताच क्रिया सुरू करणारा आणखी थोडा फोटोइनिशिएटर, अगदी थोडा रंग आणि काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे. हे गोळे काही डझन मायक्रॉन व्यासाचे, पिठासारखे दिसणारे, शंभर भागांत पाच ते दहा. त्यांच्यामुळे टेप हलकी होते, आणि काच पारदर्शक असल्याने प्रकाश खोलवर जातो. मिक्सर जोरात फिरवला तर गोळे फुटतात. काळा रंग हातचं न राखता घातला तर प्रकाश वरच अडतो आणि थराचा मधला भाग कच्चा राहतो.

सर्वांत नाजूक मापन क्रॉसलिंकरचं, म्हणजे साखळ्यांना मध्ये मध्ये टाके घालणाऱ्या रसायनाचं. शंभर किलो द्रवाला ते साधारण शंभर ग्रॅम लागतं. शिजलेल्या शेवयांचा गुंता डोळ्यांसमोर आणा. टाके नसतील तर वजनाखाली शेवया एकमेकींवरून सरकत राहतात. टाके जास्त पडले तर गुंता जाळीसारखा आवळतो, पत्र्याच्या खळग्यांत शिरत नाही आणि टेप सोलल्यावर सबंध निघून येते.

व्हॅक्यूममध्ये हवेचे बुडबुडे काढलेला द्रव सिलिकॉन लावलेल्या दोन पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मच्या मध्ये ठरलेल्या जाडीने पसरतात. दोन फिल्म अशासाठी, की ऑक्सिजन आत शिरू नये. शिरला तर पृष्ठभाग ओला, चिकचिकीत राहतो. हे सँडविच ३५० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील दिव्यांखालून पुढे सरकतं. प्रकाश जाणूनबुजून मंद ठेवतात. प्रखर प्रकाशात एकाच वेळी असंख्य साखळ्या सुरू होतात, त्यामुळे प्रत्येक आखूड राहते आणि आखूड साखळ्यांची टेप दुबळी असते. शिवाय या क्रियेतून बरीच उष्णता सुटते. दिव्यांच्या बोगद्यात गार हवा खेळती ठेवली नाही तर थर उकळून खडबडीत होतो. शेवटच्या टप्प्यात प्रकाश वाढवून उरलासुरला द्रव संपवतात. टेपला उग्र वास येत असेल तर हा टप्पा कमी पडलेला असतो.

तयार थराला नंतर लायनर, म्हणजे टेप लावताना सोलून टाकायची पट्टी, लावून मोठा जम्बो रोल गुंडाळतात आणि तो कापून हव्या त्या रुंदीचे रोल काढतात. लायनरच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन असतं, पण एका बाजूची पकड मुद्दाम जास्त ठेवतात. हा फरक पुरेसा नसेल तर रोल उलगडताना टेप कधी इकडे, कधी तिकडे चिकटून येते आणि जोडणीच्या ओळीवर काम खोळंबतं.

तपासणीत स्टीलच्या पट्टीवर २५ मिलिमीटर रुंद तुकडा लावतात, दोन किलोचा रोलर फिरवतात आणि ठरावीक वेळ थांबून मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने सोलतात. तपासणारा आधी पट्टी बघतो, आकडा मागाहून. फोम मधोमध फाटून दोन्हीकडे राहिला असेल तर पकड उत्तम. टेप स्वच्छ निघून आली असेल तर गडबड पृष्ठभागावर आहे.

घरी लावतानाही हीच खूण कामाची. भिंतीवरचा हुक पडला की त्याच्या पाठीकडे बघा. तिथे पांढरी पूड किंवा रंगाचा पापुद्रा दिसला, तर टेपने हुक सोडलेला नाही, भिंतीने रंग सोडलाय. डिस्टेंपर लावलेल्या भिंतीवर कुठलीही टेप याहून जास्त काही करू शकत नाही. टाइल, काच, रंगवलेला पत्रा यांवर मात्र ती घट्ट बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन पृष्ठभाग पुसावा, कोरडा करावा. कायम टांगलेल्या प्रत्येक किलोला ५५ चौरस सेंटिमीटर टेप धरावी. दोन किलोचा आरसा असेल तर १२ मिलिमीटर रुंदीची टेप जवळजवळ ९२ सेंटिमीटर लागते. मग चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या हिशोबाने जोरात दाबून ठेवावं. वीस मिनिटांत साधारण निम्मी पकड येते, २४ तासांत ९० टक्के, पूर्ण पकडीला ७२ तास. आरसा लगेच टांगण्याची घाई करू नये.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि पत्र्यावर न दिसणारं दव असतं. तेव्हा टेप ताठ असते, खळग्यांत शिरतच नाही. दाबून चिकटल्यासारखी वाटते आणि दुपारी निघते. पत्रा उन्हात किंवा हेअर ड्रायरने कोमट करून लावली तर हा प्रश्न येत नाही.

काढायची वेळ आली तर झटका देऊ नये, झटक्याला ही टेप सर्वांत जास्त विरोध करते. गरम हवा देऊन नायलॉनचा दोरा अक्षराच्या मागून करवतीसारखा फिरवावा. पत्र्यावर उरलेला थर एका टोकाला धरून, पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावा. साखळ्यांना सरकायला वेळ मिळाला की तो रबरासारखा लांबत लांबत निघून येतो.