विनोदी चरित्र अभिनेता (मराठी चित्रपट व दूरचित्रवाणी)

कथेत नायक-नायिकेच्या अवतीभवती वावरणारी माणसे, म्हणजे घरमालक, मामा, हवालदार, कारकून, सासरा किंवा खाष्ट शेजारीण, रंगवून हशा मिळवणाऱ्या नटाला वा नटीला विनोदी चरित्र अभिनेता म्हणतात. गोष्ट या माणसांची नसते, पण त्यांच्यावाचून ती पुढे सरकत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटातला सुधीर जोशी यांचा विश्वासराव सरपोतदार पडद्यावर फार वेळ नाही. तरीही त्याने भाडेकरूला खोलीतून बाहेर काढले नसते, तर पुढची सारी वेषांतरे घडलीच नसती. प्रेक्षकाला हा घरमालक पूर्ण नावानिशी आठवतो आणि त्याचे श्रेय जोशींच्या तिरसट, घाईच्या बोलण्याला जाते. चरित्र अभिनेत्याची कारकीर्द अशा माणसांची बनते. त्यातली काही दोन प्रसंगांपुरती येतात, काही वर्षानुवर्षे घरोघरी मुक्काम करतात.

मराठी बोलपटात या परंपरेचा पाया रंगभूमीवरून आलेल्या नटांनी घातला. त्यांत दामुअण्णा मालवणकर यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा डोळा तिरळा होता आणि त्या डोळ्याचा उपयोग ते हुकमी करत. मास्टर विनायक यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) मध्ये ते दुय्यम भूमिकेत होते. पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’मध्ये प्रमुख भूमिका त्यांच्याकडे आली. दोन्ही कथा आचार्य अत्र्यांच्या. १९४० साली ‘लग्न पहावे करून’ आला, तेव्हा विनोदी लेखक चिं. वि. जोशींच्या कथांतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले. चिमणराव दामुअण्णांनी केला, गुंड्याभाऊ विष्णुपंत जोगांनी.

हेच चिमणराव सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर परत आले. केंद्र १९७२ साली सुरू झालेले, चित्रण कृष्णधवल आणि घरात दुसरी वाहिनी नाही. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांतला फरक समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मराठीत नाही. चित्रपटात पात्राला दोन-सव्वादोन तासांत आपली ओळख ठसवावी लागते, त्यामुळे लकब ठळक लागते. मालिकेत तेच पात्र पुन्हा पुन्हा भेटायला येते. तीच लकब दर भागात तितक्याच जोरात आली तर प्रेक्षक कंटाळतो, म्हणून नटाला आवाज खाली आणावा लागतो. बुजरेपणा, अवघडलेपणा, उगीचच हसणे अशा बारीक गोष्टींवर भिस्त ठेवावी लागते. प्रभावळकरांचा चिमणराव मुळात भिडस्त आणि भाबडा वाटतो, हसू नंतर येते. या भूमिकेने त्यांना महाराष्ट्रभर ओळख दिली आणि पुढची कित्येक वर्षे लोक त्यांना चिमणराव म्हणूनच हाका मारत राहिले.

या कलेची शाळा प्रामुख्याने नाटक. बबन प्रभूंच्या फार्सांनी, म्हणजे धांदल-गोंधळाच्या वेगवान विनोदी नाटकांनी, मराठी नटांना वेगाची शिस्त लावली. दार उघडण्याचा क्षण चुकला की पुढची तीन वाक्ये वाया जातात, हे तिथे अंगी मुरते. ‘लाफ्टर घेणे’ आणि ‘लाफ्टरला थांबणे’ या दोन्ही गोष्टी नट प्रयोगागणिक शिकतो. हशा चढत असताना पुढचे वाक्य टाकले तर ते कुणाला ऐकू जात नाही, आणि हशा पुरता ओसरल्यावर टाकले तर प्रसंग गार पडतो. चित्रपटाच्या सेटवर मात्र प्रेक्षकच नसतो. कॅमेऱ्यामागची माणसे हसूही शकत नाहीत, कारण टेक बिघडेल. तेव्हा न ऐकू येणाऱ्या हशासाठी किती थांबायचे, याचा अंदाज नाटकातून आलेल्या कानाला बांधता येतो. विजय चव्हाण हे ‘मोरूची मावशी’ नाटकातल्या लुगडे नेसलेल्या भूमिकेने गाजले आणि नंतर चित्रपटांतून असंख्य छोट्या भूमिकांत दिसले. पडद्यावर चार वाक्ये मिळाली तरी त्यांची लय बिनचूक पडे.

विनोदी नटाचे काम बोलणे, हा समज अर्धाच खरा आहे. त्याचे निम्मे काम ऐकण्याचे असते. महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’ (१९८५) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे आपल्या बापाला भयपटाची गोष्ट रंगवून सांगतो. बाप झालेले शरद तळवलकर (जन्म १९१८) त्या प्रसंगात जवळजवळ फक्त ऐकतात. चेहऱ्यावर आधी कंटाळा, मग कुतूहल, मग भीती चढत जाते. सांगणारा कितीही उड्या मारो, ऐकणारा खरोखर घाबरला नाही तर प्रसंग कोसळतो. तळवलकरांनी तो मनापासून घाबरून तोलला. पात्राला स्वतःची अडचण मुळीच विनोदी वाटत नसते, हे ज्या नटाला कळले त्याचा विनोद टिकतो. कॅमेऱ्याकडे डोळे मिचकावून ‘बघा, मी गंमत करतोय’ असे सुचवणारा नट पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा नाही.

पोटापाण्याची बाजू कायम कठीण राहिली आहे. राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत आणि तिथेच त्यांचा स्वतःचा ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) लागला होता, ही आठवण मराठी सिनेमात आजही सांगितली जाते. अशोक सराफ यांनी सुरुवातीची वर्षे स्टेट बँकेतली नोकरी सांभाळून नाटके आणि चित्रपट केले. दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ (१९७५) मधल्या दुय्यम भूमिकेने त्यांना लोकांपुढे आणले. चरित्र अभिनेत्याचे मानधन बहुधा दिवसांवर ठरते. म्हणून तो एकाच वेळी नाटकाचे प्रयोग, मालिका आणि एखाद-दुसरा चित्रपट असा तारखांचा मेळ घालत जगतो. नायकाला चित्रपट पडल्याचा फटका बसतो. चरित्र अभिनेत्याला तो कमी बसतो, आणि त्यामुळे त्याची कारकीर्द लांब चालते. वय वाढले की नायकाचे काम आटते. याला मात्र आधी मित्र, मग काका, मग सासरा, मग आजोबा अशा भूमिका मिळत जातात.

शिक्का बसणे हा या वाटेवरचा सर्वांत मोठा धोका. गणपत पाटील यांनी तमाशापटांत ‘नाच्या’, म्हणजे तमाशातला बायकी हावभाव करणारा पुरुष, इतका अस्सल उभा केला की निर्मात्यांना त्यांच्यासाठी दुसरी भूमिका सुचेना. लोकांनी पात्र आणि माणूस एकच मानले आणि त्याचा त्रास त्यांना खासगी आयुष्यातही सोसावा लागला. हा अन्याय होता आणि त्यात प्रेक्षकांचा वाटा मोठा होता. लक्ष्मीकांत बेर्डे यांची गोष्ट वेगळी, पण दुखणे तेच. नायक म्हणून त्यांचे मराठी चित्रपट धो धो चालत होते, आणि ‘मैंने प्यार किया’ (१९८९) व ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) या हिंदी चित्रपटांत ते नोकर वा साथीदार म्हणून येत होते. ‘एक होता विदूषक’ (१९९२) मध्ये त्यांनी हसवणाऱ्या कलावंताची शोकांतिका विलक्षण समजुतीने साकारली. हसायला आलेल्या प्रेक्षकाने त्या चित्रपटाला हवी तशी साथ दिली नाही. हा अभिनय आज पाहिला तर या नटाकडून किती काम करवून घ्यायचे राहिले, याची हळहळ वाटते.

शिक्क्यातून सुटलेलेही आहेत. प्रभावळकरांनी ‘चौकट राजा’ (१९९१) मध्ये मतिमंद नंदू केला आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये तात्या विंचू. ‘हसवाफसवी’ नाटकात ते एकाच प्रयोगात अनेक भूमिका करत. ‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मध्ये ते महात्मा गांधी झाले. त्या वर्षीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या चित्रपटासाठी आणि ‘शेवरी’ या मराठी चित्रपटासाठी मिळाला. अशोक सराफ हिंदी दूरचित्रवाणीवर ‘हम पाँच’ (१९९५) मध्ये पाच मुलींचा गांजलेला बाप झाले आणि मराठी न कळणाऱ्या घरांतही पोचले. त्यांना २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण आणि २०२५ साली पद्मश्री मिळाली.

खासगी वाहिन्या आल्यावर या नटांना हक्काचे घर मिळाले. अल्फा टीव्ही मराठीवरची (आजची झी मराठी) ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ पासून) ही केदार शिंदे यांची मालिका प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली होती. तिच्यात नायक कुणी नव्हता, सारे घरच चरित्र भूमिकांचे. त्यातले आजोबा, म्हणजे आबा, रंगवताना प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते. पुढे दैनंदिन मालिकांचा जमाना आला, रोज एक भाग भरायचा झाला आणि विनोदी काका-मामींच्या वाट्याला बरेचदा तेच ते प्रसंग येऊ लागले. यात नटांपेक्षा लेखनाला मिळणाऱ्या अपुऱ्या वेळेचा दोष अधिक.

स्त्रियांना या प्रांतात संधी उशिरा आणि तुटक मिळाल्या. दादा कोंडके यांच्या चित्रपटांतली रत्नमाला यांची आई, ‘बनवाबनवी’तली नयनतारा यांची घरमालकीण आणि निर्मिती सावंत यांची गंगूबाई नॉनमॅट्रिक ही ठसठशीत नावे. यांतली गंगूबाई स्वतःच्या नावाच्या मालिकेची मालकीण होती, बाकी दोघी दुसऱ्यांच्या गोष्टीत होत्या.

‘चला हवा येऊ द्या’ (२०१४ पासून) आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ (२०१८ पासून) या कार्यक्रमांनी छोट्या प्रहसनांचा, म्हणजे स्किटचा, साचा रूढ केला. दहा-पंधरा मिनिटांत माणूस उभा करायचा आणि पुढच्या भागात दुसरा. भाऊ कदम यांच्यासारखे नट याच वाटेने चित्रपटांत पोचले. इथे हशा समोरच मिळतो, त्यामुळे नाटकाची लय जपली जाते. पात्र मुरायला मात्र सवड उरत नाही. स्किटमध्ये रोज नवे सोंग घेणाऱ्या नटाला दोन तासांच्या चित्रपटात एकच माणूस धरून ठेवण्याचा सराव वेगळा करावा लागतो, आणि तो बहुतेक जण आजही नाटकातच करतात.